मल्टिमीटर घेताना आधी फ्यूज बघा

जून-जुलै आला की आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत एक प्रश्न ठरलेला. कोणाचा तरी मुलगा डिप्लोमाला लागलेला असतो, कोणाच्या मुलीला आर्डुइनोचं (प्रोग्रॅम टाकून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डचं) वेड लागलेलं असतं, आणि मग मला विचारतात, "मल्टिमीटर कुठला घ्यायचा? फार महाग नको." मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज, करंट, ओहम असं सगळं एकाच डायलवर मोजणारं यंत्र. मी उपनगरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे. मुलांच्या हातून मीटर कसे मरतात ते रोज बघते, उडालेले फ्यूज बदलते, मीटर उघडून साफ करते. संध्याकाळी घरी जुने रेडिओ आणि छोटे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा नाद आहे. यंदा भाच्यानं विचारलं. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथं सलग लिहिते.

तो म्हणाला, "मावशी, तो पिवळा दोनशेवाला चालेल का?" मी विचारलं, "लावणार कशाला?" सगळा निर्णय या उत्तरावर आहे. टेबलावर पाच किंवा नऊ व्होल्टचं सर्किट मांडलंय आणि त्यात चूक झाली, तर एखादा एलईडी जळेल, फार तर आयसी. पण तोच मीटर घरातल्या प्लगला लावला की समोर २३० व्होल्ट असतात. शिखराला तर सव्वातीनशे. आणि त्या दोन भोकांमागची वायर थेट इमारतीच्या मीटररूममधून ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेलेली असते. तिथं शॉर्ट झालं तर लागेल तेवढा करंट पुरवायची तिची तयारी असते. बॅटरीवरचा मीटर आणि बोर्डवरचा मीटर दिसायला सारखे असले तरी त्यांच्याकडून अपेक्षा सारखी नाही.

तो पिवळा मीटर, डीटी ८३०डी किंवा त्याची शंभर भावंडं, एकदा उघडून बघाच. मागचे दोन स्क्रू काढले की झाकण सुटतं. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर मधोमध काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली दडलेली चिप. खालच्या बाजूला तीन पितळी नळ्या, ज्यांत आपण वायरी खुपसतो. दहा अँपिअरच्या नळीपासून कॉमनच्या, म्हणजे काळ्या वायरच्या, नळीपर्यंत यू आकारात वाकवलेली एक जाड तार असते. बस, एवढंच. मध्ये फ्यूज नाही, काही नाही. पुढच्या बाजूला त्या नळीपाशी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' असं छापलेलंही असतं, म्हणजे बनवणाऱ्यानं लपवलेलं नाही, आपण वाचत नाही. दुसऱ्या नळीच्या वाटेवर स्प्रिंगच्या चिमट्यात एक काचेचा फ्यूज असतो, शेंगदाण्यापेक्षा थोडा मोठा, २०० मिलिअँपिअरचा आणि २५० व्होल्टचा. आणि डायलवर मात्र ७५० व्होल्ट एसी आणि १००० व्होल्ट डीसी लिहिलेलं.

आता समजा कोणी बॅटरीचा करंट मोजला, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकातच राहिली, आणि व्होल्ट बघायला म्हणून प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची धातूची टोकं, प्लगमध्ये घातले. ती यू आकाराची तार म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला सरळ शॉर्ट. आपल्या घरातल्या एमसीबीच्या, म्हणजे शॉर्ट झाल्यावर आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, तोंडावर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो. इतक्या अँपिअरचा शॉर्ट सर्किट करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो, असा त्याचा अर्थ. त्यासमोर साध्या काचेच्या फ्यूजची तोडायची ताकद बहुधा ३५ अँपिअर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यांपैकी जे जास्त ते. त्यापलीकडे गेलं की काच फुटते, आतल्या तारेची वाफ होते, आणि त्या वाफेतून ठिणगीची ज्योत चालूच राहते. चांगल्या मीटरमध्ये सिरॅमिकच्या नळीचे जाडजूड फ्यूज असतात, आत वाळू भरलेली. तार वितळली की भोवतीची वाळूही वितळते आणि ज्योत गिळून टाकते. त्याला एचआरसी फ्यूज म्हणतात. असा एक फ्यूज स्वस्त मीटरच्या अख्ख्या किमतीएवढा असू शकतो. मीटर महाग का, याचं मोठं उत्तर या नळीत आहे.

लॅबमधला चांगला मीटर उघडला की फरक डोळ्यांना दिसतो. इनपुटपाशी निळ्या किंवा लाल चकत्या असतात, त्या एमओव्ही. व्होल्टेज अचानक उसळलं तर ते अंगावर घेणाऱ्या. शेजारी पीटीसी, जी गरम झाली की करंट दाबून धरते. पट्टीवर जागोजागी आरपार चिरा कापलेल्या असतात, म्हणजे एका टोकाची ठिणगी दुसरीकडे सरकायला नको. नळ्यांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या भिंती. या गोष्टींमुळे मीटर जास्त अचूक होत नाही, आकडा तोच दाखवतो. वाईट दिवशी आपला हात वाचतो, त्याचे हे पैसे.

मीटरवर कॅट-टू, कॅट-थ्री असं जे लिहितात ते याच्याशी निगडित आहे. आयईसी ६१०१० या मानकातून ते आलंय. प्लगला लावून चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट-टू, घरातली पक्की वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्डसाठी कॅट-थ्री, इमारतीत जिथं सप्लाय येतो तिथं आणि बाहेरच्या लाइनसाठी कॅट-फोर. लिफ्ट किंवा पाण्याचा पंप बंद-चालू झाला, जवळपास वीज पडली, की लाइनवर काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्टची उसळी येते. ती किती झेलता येईल, त्यावर हे वर्ग ठरतात. इथं एक गंमतशीर वाटणारी पण नीट समजून घ्यायची गोष्ट आहे: कॅट-टू १००० व्होल्ट हे कॅट-थ्री ६०० व्होल्टपेक्षा मोठं वाटतं, पण तसं नाही. दोघांची परीक्षा ६००० व्होल्टच्या उसळीवर होते. मात्र कॅट-टूमध्ये ती उसळी १२ ओहममधून देतात आणि कॅट-थ्रीमध्ये २ ओहममधून. म्हणजे कॅट-थ्रीच्या मीटरवर सहापट करंट सोडतात. घरासाठी मी कॅट-थ्री ६०० व्होल्ट सांगते. बोर्ड उघडायचा मोह आज ना उद्या होतोच.

पण छापील अक्षरांवर किती विश्वास ठेवायचा? पाचशे रुपयांच्या मीटरवरही कॅट-थ्री १००० व्होल्ट छापलेलं मी पाहिलंय. माझी परीक्षा साधी आहे. मीटरच्या नळ्यांजवळ किंवा माहितीपत्रकात फ्यूजचं रेटिंग दिलेलं असतं ते वाचायचं. मीटर म्हणतो ६०० व्होल्ट आणि फ्यूज आहे १० अँपिअर २५० व्होल्टचा, तर तो दावा पोकळ. दुकानात उभ्या-उभ्या, मीटर न उघडता हे कळतं. आणखी एक, मॉडेल नंबर तोच असला म्हणून आतलं सामान तेच असेल असं नाही. युनि-टी कंपनीच्या यूटी ६१ई या मीटरची गोष्ट छंदवाल्यांना ठाऊक आहे: जर्मनीसाठीच्या मीटरमध्ये मोठे सिरॅमिक फ्यूज आणि एमओव्ही, आणि इतर बाजारांत विकल्या गेलेल्या त्याच नावाच्या मीटरमध्ये लहान काचेचे फ्यूज, एमओव्हीच्या जागा रिकाम्या.

"पण घरात टेस्टर आहे ना, मीटर कशाला?" हे काकू-काका मंडळी हमखास विचारतात. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. एका पावसाळ्यात आमच्या इमारतीत संध्याकाळी काही घरांतले दिवे एकदम पांढरेफटक झाले आणि काही घरांत बल्ब मिणमिणायला लागले. समोरच्या काकू टेस्टर घेऊन आल्या, म्हणाल्या, "अगं, लाइट आहे की, टेस्टर पेटतोय." मी मीटर लावला तर आमच्या प्लगवर ३१२ व्होल्ट. खालचा न्यूट्रल सुटला होता. थ्री फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. ज्यांच्याकडे भार कमी त्यांच्याकडे व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं, बाकीच्यांकडे पडतं. जिन्यात उभी राहून ओरडून सगळ्यांना मेन स्विच बंद करायला लावले. त्या दिवशी दोन घरांतले टीव्ही आणि एक फ्रिज गेले, पण वरच्या मजल्यावरचं ऑक्सिजनचं मशीन वाचलं. तो आकडा टेस्टरनं कधीच दाखवला नसता. म्हणून प्रत्येक इमारतीत निदान एका घरात तरी भरवशाचा मीटर असावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

मीटर उलटही फसवतो. जिन्याच्या टू-वे स्विचमधली सुटी वायर मोजली तर बंद असतानाही ५०-९० व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे तिच्यात जे थोडंसं झिरपतं, ते आत दहा मेगओहमचा रेझिस्टन्स असलेला मीटर इमानदारीनं दाखवतो. त्यात जोर काहीच नसतो. लो-झेड, म्हणजे मोजताना वायरवर थोडा भार टाकायची सोय असलेल्या मीटरमध्ये ते शून्यावर येतं. सोय नसेल तर जुने वायरमन होल्डरला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प वापरतात, तो पेटला नाही की कळतं. पण लो-झेडसाठी हजार रुपये जास्त मोजायची घरात गरज नाही.

छंदाच्या बाजूनंही पिवळ्या मीटरच्या दोन खोडी माहीत हव्यात. पहिली म्हणजे त्याचा इनपुट बहुतेक वेळा एक मेगओहमचाच असतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा आणि मधला बिंदू मोजा. असायला हवेत साडेचार व्होल्ट. पिवळा मीटर दाखवतो तीन, कारण तो स्वतःच तिसरा रेझिस्टर होऊन बसतो. दहा मेगओहमवाला सुमारे ४.२९ दाखवतो. मुलं अशा वेळी सर्किट चुकलं समजून तासभर वायरी उपसत बसतात. दुसरी खोड जास्त वाईट. त्याची नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे कमी न होता वाढतात, कारण आतला संदर्भ व्होल्टेजच खाली घसरतो. पाचचे साडेपाच, सहा दिसायला लागतात. घरात २६० व्होल्ट येतायत म्हणून कोणी घाबरून फोन केला, तर मी आधी बॅटरी बदलायला सांगते.

बाकी सोयींचं थोडक्यात. कंटिन्युटीचा, म्हणजे वायर सलग आहे की तुटलेली ते सांगणारा, बझर पटकन वाजणारा हवा, प्रोब घासत नेताना अडखळणारा नको. सोल्डरिंग तपासताना याच्याइतका उपयोग कशाचाच नाही. कपॅसिटन्स हवाच. पंखा मंदावला की दहापैकी आठ वेळा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दीडवर आलेला असतो. मोजायच्या आधी मेन बंद करून तो डिस्चार्ज करा. डायोड टेस्टवर पांढरा एलईडी पेटला तर उत्तम. काउंट म्हणजे पडद्यावर मावणारा सर्वांत मोठा आकडा: ६००० काउंटचा मीटर ३.३ व्होल्टला ३.३०० दाखवतो, २००० वाला ३.३०. तेवढं पुरतं. ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असला तरी एसी बरोबर मोजायची सोय) हवं का? पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा जुना चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर मोजायचा असेल तर हवं, नाहीतर साधा मीटर चौकोनी वेव्ह ११ टक्के जास्त दाखवतो. बाकी सगळं नीट असेल आणि हे वर मिळत असेल तर घ्या. ट्रान्झिस्टरचा एचएफई, तापमान, टॉर्च, ब्लूटूथ यांवर भाळू नका. एनसीव्हीची, म्हणजे वायरला न टेकता वीज ओळखणारी, लाल बत्ती भिंतीतली वायर शोधायला ठीक, पण ती पेटली नाही म्हणून वायरला हात लावायचा नाही.

प्रोबकडे कोणी बघतच नाही, आणि खरं तर बोटांच्या सगळ्यात जवळ तेच असतात. मीटर कॅट-थ्री आणि प्रोब बारीक पीव्हीसीच्या वायरचे, तर सगळंच कॅट-थ्रीच्या खाली आलं. पिनभोवती प्लॅस्टिकचं आवरण असलेला प्लग हवा, बोटं घसरू नयेत म्हणून मोठी कड हवी, आणि टोकावर टोपी हवी. टोपी घातली की उघडं धातूचं टोक चार मिलिमीटरच राहतं, आणि बोर्डात दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जायची भीती कमी होते. प्रोबवरही वर्ग छापलेला असतो, तो वाचा. सिलिकॉनची वायर मऊ असते, सोल्डरिंग गन चुकून टेकली तरी वितळत नाही. समुद्राच्या हवेत आपल्याकडे टोकं लवकर काळवंडतात. शाळेतल्या खोडरबरानं घासली की रीडिंग पुन्हा स्थिर येतं.

मग घ्यायचं काय? भाच्याला मी दोन मीटर सांगितले. पिवळा खुशाल घे, दोन-अडीचशे रुपयांत येतो. पण तो फक्त बॅटरीच्या सर्किटसाठी, आणि त्याच्या पाठीवर मार्करनं 'फक्त बॅटरी' असं मोठ्या अक्षरांत लिही. दुसरा कॅट-थ्री ६०० व्होल्टचा, तो प्लग आणि बोर्डासाठी. दुसऱ्यासाठी माझी आवड फ्लूक कंपनीच्या १०१ या मीटरची. लहान आहे, खिशात मावतो, आणि त्यात करंट मोजायची सोयच नाही. वायर चुकीच्या भोकात राहायचा प्रश्नच मिटतो, कारण ते भोकच नाही. करंट मोजायला पिवळा आहेच, बॅटरीवर. किंमत साधारण चार-पाच हजारांच्या घरात जाते, हे सगळ्यांना झेपत नाही. मग नाशिकच्या मोटवाने किंवा रिषभचे, नवी मुंबईच्या मेकोचे मीटर बघा. आमच्यासारख्या लॅबमध्ये ते वर्षानुवर्षं चालतात आणि दुरुस्तीला, कॅलिब्रेशनला इथंच जाता येतं. दीड ते तीन हजारांत पुष्कळ पर्याय आहेत, फक्त वरची फ्यूजची परीक्षा प्रत्येकाला लावा.

मी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवरूनच घ्यायला सांगते. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जायचं. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असला तरी दुकान विचारताना सगळे जुनंच नाव घेतात. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. हातात मीटर घेऊन बघण्याला पर्याय नाही. पाकीट उघडायला लावा. ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ०.१ ते ०.३ च्या आसपास यायला हवं. तसेच धरून वायरी मुळाशी वाकवा, आकडा उड्या मारायला लागला तर दुसरा जोड मागा. डायल सगळ्या खुणांवरून फिरवा, मध्ये लटकता कामा नये. काउंटरवर नवा सेल मागा आणि मोजा. जुन्या, नीट दुकानदारांना या तपासणीचा राग येत नाही, ते स्वतःच सेल पुढे करतात. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या.

घरी आल्यावर एकच सवय लावायला मी भाच्याला बजावलंय. एखादी वायर मेली आहे अशी खात्री करायची असेल तर आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर लावून बघायचं, मग त्या वायरवर, मग पुन्हा चालू प्लगवर. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर तिसऱ्या तपासणीत कळतं. काळी वायर आधी, लाल नंतर, पायात कोरडी रबरी चप्पल, आणि जमेल तिथं काळ्या वायरला मगरीचा चिमटा लावून एकाच हातानं काम. ओहम आणि कंटिन्युटी फक्त मेन बंद असताना. आणि मीटररूममध्ये, सप्लाय कंपनीच्या कटआउटपाशी (मुख्य फ्यूजपाशी) मीटर घेऊन जायचं नाही. ती जागा आपली नाही.

मीटर घेतानाच त्याचे दोन जादा फ्यूज मागून घ्या, असंही सांगितलंय. ते नंतर शोधताना त्रास होतो. दुकानदार त्याच मापाचा काचेचा पुढे करतो आणि म्हणतो, "हा पण चालतो." तो बसतो, चालत नाही. लॅबमध्ये दुरुस्तीला आलेल्या मीटरमध्ये मला कित्येकदा उडालेल्या फ्यूजवर वायरची एक तार गुंडाळलेली दिसते, तर कधी चिमट्यात चॉकलेटची चांदी. असा मीटर दिसला की मी तो आधी कपाटात बंद करते आणि नव्या फ्यूजवर अँपिअर आणि व्होल्ट दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बाहेर काढत नाही. भाच्याच्या फ्लूकमध्ये करंटचा फ्यूजच नाही, त्यामुळे त्याची ही कटकट वाचली. त्याच्या मैत्रिणीनं १० अँपिअरवाला घेतलाय, तिच्यासाठी ६०० व्होल्टचे दोन सिरॅमिक फ्यूज शनिवारी मीच लॅमिंग्टन रोडवरून आणणार आहे.